क्लॅरिनेट चिरकतंय म्हणून बँड सोडायचा का?

"ताई, आम्ही डॅलसच्या जवळ राहतो. मुलगी ११ वर्षांची, ऑगस्टपासून सहावीत, म्हणजे मिडल स्कूलचं पहिलंच वर्ष. बँडमध्ये तिला फ्लूट हवा होता पण टेस्टिंगच्या दिवशी सरांनी क्लॅरिनेट सांगितलं. आम्ही ऑनलाइन एक गुलाबी रंगाचं घेतलं, भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त पडलं. आता ऑक्टोबर संपत आला तरी घरात नुसतं चीं चीं चालू असतं. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या म्हणतात ही पिपाणी बंद करा, माझं डोकं उठतं. गेल्या आठवड्यात चेअर टेस्ट झाली, म्हणजे वाजवून दाखवायचं आणि त्यावरून कोण कितवं ते ठरतं, ही शेवटची आली, घरी येऊन रडली आणि म्हणाली आई मी बँडमधली सगळ्यात वाईट आहे. नवरा म्हणतो जानेवारीत बँड सोडून कोडिंग घेऊ दे, हे आपल्याला कुठे उपयोगी पडणार. रविवारी ती एका काकूंकडे पेटी शिकते, तिथे छान चाललंय, पण काकू म्हणतात दोन्ही एकदम नको, गोंधळ होतो. आठवड्याला १०० मिनिटं प्रॅक्टिस केल्याच्या कागदावर माझी सही लागते, त्यावरून रोज भांडण. सोडू देऊ का?"

अगं, सोडायचं की नाही ते नंतर बघू, आधी ते गुलाबी क्लॅरिनेट बघू. तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, तुझं पत्र वाचून मला माझंच घर आठवलं.

माझ्या मोठ्या मुलाला सहावीत ट्रॉम्बोन मिळाला होता. आम्हीही असाच स्वस्तातला मागवला, चमकदार होता, केस छान होती. त्याची स्लाइड अडकायची. पोरगं सांगायचं आई ही पुढे जातच नाही, आणि मी म्हणायचे हाताला सवय नाही म्हणून, अजून दहा मिनिटं कर. नोव्हेंबरात त्याने बँड सोडला. दोन वर्षांनी मुलीची वेळ आली तेव्हा मी तो ट्रॉम्बोन एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले, त्याने स्लाइड दोनदा मागेपुढे केली आणि म्हणाला ही पहिल्या दिवसापासून वाकडी आहे, ही कुणालाच वाजवता आली नसती. मुलगा आता मोठा झालाय, तो विसरलाही असेल, मी नाही विसरले. मुलीबरोबर मग मी स्वतःच क्लॅरिनेट शिकायला बसले, ३८ व्या वर्षी, तोवर मी फक्त पेटी वाजवायचे, आणि आता बरीच वर्षं झाली शाळाशाळांत जाऊन सहावी-सातवीच्या मुलांना क्लॅरिनेट शिकवते. त्यामुळे सांगते ते नीट ऐक.

आज रात्री ती झोपली की क्लॅरिनेटचा वरचा अर्धा भाग घे, फुंकायचा माउथपीस आणि त्याखालचा छोटा तुकडा, बॅरल, काढून. त्यावरची भोकं आणि मागचं अंगठ्याचं भोक डाव्या हाताच्या बोटांनी घट्ट बंद कर, खालचं तोंड उजव्या तळहाताने दाबून धर, आणि वरच्या टोकातून हवा आत ओढ. वाद्य धड असेल तर हवा येणं थांबतं आणि ते ओठांना क्षणभर चिकटून राहतं. हवा आरामात येत राहिली तर चावीखालचं भोक झाकणारं कुठलं तरी पॅड नीट बसत नाहीये, म्हणजे एखादी चावी बंद दिसते पण खरं तर बंद नसते, आणि मग ती पोरगी सगळं बरोबर करत असली तरी स्वर चिरकणार किंवा येणारच नाही. अशी स्वस्त रंगीत क्लॅरिनेटं दुरुस्तीला घ्यायला बरेच दुकानदार नकार देतात कारण त्यांच्या चाव्यांचा धातू मऊ असतो, सरळ केल्या तरी परत वाकतात, आणि सुटे भाग मिळत नाहीत. ते परत करता येत असेल तर कर, नसेल तर ठेव कपाटात, त्यात गेलेले पैसे गेले असं समज, ते वसूल करायला पोरीला त्याच्यावर वाजवायला लावू नकोस.

आणि भाड्याने घे. दर महिन्याचं भाडं बहुतेक दुकानांत खरेदीच्या किमतीत वळतं होतं आणि वर थोडे पैसे दिले की दुरुस्तीही त्यातच होते, सहावीतल्या मुलांच्या हातून चावी वाकतेच त्यामुळे ते थोडे पैसे द्यायचेच. मॉडेल तुझ्या मनाने घेऊ नकोस, बँडच्या सरांना विचार, ते नाव सांगतात. यामाहा किंवा बुफेचं विद्यार्थ्यांसाठीचं प्लास्टिकचं क्लॅरिनेट पुरेसं आहे, लाकडाचं आत्ता अजिबात नको. आणि पैशाची अडचण असेल तर तेही सरांना सरळ लिही. ट्यूबा, युफोनियम, फ्रेंच हॉर्न, बॅसून अशी मोठी महागडी वाद्यं तर शाळेचीच असतात, क्लॅरिनेटंही कधीकधी एखाददोन पडून असतात, आपले लोक विचारत नाहीत म्हणून मिळत नाहीत.

आता रीड. सासूबाई सांगलीच्या ना, त्यांना विचार मिरजेच्या तंबोऱ्याबद्दल, त्यांना हे लगेच कळेल. जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची घासून साधलेली ठेवण, बिघडलेल्या तंबोऱ्यावर कितीही मोठा गवई बसवला तरी तंबोरा बोलणार नाही, म्हणून तर मिरजेचे कारागीर त्या घोडीवर इतका वेळ घासत बसतात. क्लॅरिनेटची जवारी म्हणजे रीड. बोरूसारख्या एका जाड गवताच्या काडीची ती पातळ पट्टी असते, टोकाला कागदाइतकी पातळ, आणि अख्खा आवाज तिथे जन्मतो. तिच्या टोकाला बारीक टवका उडाला तरी आवाज चिरकतो. तू म्हणशील ऑगस्टमध्ये दिलेली रीड अजून आहे की. तेच तर. रोज वाजवणाऱ्या मुलाची एक रीड दोन ते चार आठवडे टिकते, मग मऊ पडते. दहाचा डबा आण, नंबर दोन किंवा अडीच, सर सांगतील तो, आणि तीन-चार रीड आलटून पालटून वाजवायच्या. वाजवायच्या आधी तोंडात धरून ओली करायची, वाजवून झालं की काढून रीडच्या छोट्या डबीत ठेवायची, माउथपीसवर तशीच सोडली की टोक वाकडंतिकडं वाळतं आणि बुरशीही येते. लावताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाला बरोबर जुळलं पाहिजे, समोरून बघितलं तर वर केसाएवढी काळी रेघ दिसावी, बस. खाली-वर किंवा तिरकी बसली की झालं. सहावीतली निम्मी मुलं घाईघाईत ती तिरकीच लावतात, मी वर्गात शिरले की पहिली पाच मिनिटं फक्त रीड सरळ करत फिरते.

मग बोटं. फ्लूटच्या चाव्यांवर झाकणं असतात, दाबलं की बंद. क्लॅरिनेटला आपल्या बासरीसारखी उघडी भोकं असतात, ती बोटाच्या मऊ भागानेच झाकावी लागतात, आणि ११ वर्षांच्या मुलीची बोटं बारीक असतात. एक बोट कडेने किंचित उघडं राहिलं की चीं. तिला सांग एक सूर धरून ठेव, मग हात काढून बोटांच्या टोकांकडे बघ. गोल वळं पूर्ण उमटलं असेल तर भोक पूर्ण झाकलं होतं, अर्धी चंद्रकोर उमटली असेल तर ते बोट चोर. मुलांना हा खेळ फार आवडतो. तिचा उजवा अंगठा दुखतो का तेही विचार, सगळं वजन त्या एका अंगठ्यावर असतं आणि मुलं सांगत नाहीत, नुसतं वाद्य खाली ठेवून देतात आणि आपल्याला वाटतं आळस. गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो, लाज वाटायचं कारण नाही.

दातांना तारा लागणार असतील तर घाबरू नकोस, थोडे दिवस दुखेल, क्लॅरिनेट चालतं. ट्रम्पेटवाल्यांना जास्त त्रास होतो.

फ्लूट हवा होता आणि क्लॅरिनेट मिळालं याचं दुःख तिच्या मनात असेल, ते बोलून घे तिच्याशी. सर ओठ बघतात, दात बघतात, हाताची ठेवण बघतात, आणि त्यांना बँडचा समतोलही साधायचा असतो. सगळ्याच मुलींना फ्लूट हवा असतो आणि बँडला क्लॅरिनेटं भरपूर लागतात, कारण ऑर्केस्ट्रात जे काम व्हायोलिनं करतात ते बँडमध्ये बऱ्याच अंशी क्लॅरिनेटं करतात. तिला नाकारलं नव्हतं, निवडलं होतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता मी ज्याच्यासाठी हे उत्तर इतकं मोठं लिहितेय ते. पेटी. काकूंचा मान ठेवून सांगते, गोंधळ होत नाही, उलट तुझ्या पोरीकडे जे आहे ते तिच्या वर्गात बहुतेक कुणाकडेच नसेल आणि ते कुणी तिला दाखवलेलं नाहीये. क्लॅरिनेटवर तिला जो सी शिकवलाय ना, तो पेटीवरचा सी म्हणजे पांढरी एक, सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, नाही. तो वाजतो काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी. हे वाद्यच तसं आहे, त्याला बी फ्लॅट क्लॅरिनेट म्हणतात ते त्यामुळे. काकूंना गोंधळ वाटतो तो इथे असणार, पोरीने पेटीवर पांढरी एक दाबली असेल, क्लॅरिनेटवर सी वाजवला असेल आणि दोन्ही जुळले नसतील, मग तिला वाटलं असेल माझंच चुकतंय. काळी पाचला सा धर म्हणावं. बँडमध्ये पहिले जे पाच स्वर शिकवतात, क्लॅरिनेटवाल्यांचे सी डी ई एफ जी, ते म्हणजे काळी पाचचे सा रे ग म प, आणि जिला सगळा बँड बी फ्लॅट स्केल म्हणतो ती तिने काकूंकडे पहिल्याच महिन्यात वाजवलेली शुद्ध स्वरांची सरगम आहे, बिलावल. एवढं एकदा कळलं की कागदावरचे ते टिंबटिंब तिला ऐकू यायला लागतील. शेजारची मुलगी ऑल्टो सॅक्सोफोन वाजवत असेल तर तिचा सी म्हणजे काळी दोन, फ्रेंच हॉर्नचा सी म्हणजे पांढरी चार. सर म्हणतात सगळ्यांनी कॉन्सर्ट बी फ्लॅट वाजवा आणि प्रत्येक मूल आपापल्या कागदावर वेगळं नाव वाचतं पण बाहेर एकच सूर येतो, आपल्या पेटीवाल्यांना ही गंमत किती पटकन कळते, कारण गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे सा हलवायची आपल्याला सवयच असते.

अजून एक कर. माउथपीस आणि बॅरल एवढेच दोन तुकडे जोडून तिला फुंकायला सांग आणि काकूंना किंवा तुला पेटीवर सूर शोधायला बसव. तो काळी तीनच्या आसपास यायला हवा. खाली येत असेल तर तोंड ढिलं पडतंय किंवा हवा कमी आहे, वर चढत असेल तर ती रीड चावतेय, आणि चावणं हे चिरकण्याचं एक मोठं कारण. वरचे दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडलेला, हनुवटी सपाट, गाल फुगवायचे नाहीत. फोनवरचा तानपुरा काळी पाचला लाव आणि त्यावर तिला एकच सूर लांब धरू दे, श्वास संपेपर्यंत. हे काही मी आपलं मराठी डोकं चालवून सांगत नाहीये, इथले बँडवाले सरही असा एक सूर मागे लावून मुलांकडून लांब स्वर घेतात, फक्त त्याला तानपुरा म्हणत नाहीत. आपण म्हणतो खर्ज भरा, सूर लावा, तेच हे.

आणि आजींना तानपुरा ऐकू आला की बघ त्या पिपाणी म्हणायचं थांबतात की नाही. मी थट्टा करत नाहीये, त्यांचं डोकं खरंच उठत असणार, चिरकलेला क्लॅरिनेट बंद खोलीत सहन होत नाही. तर वेळ ठरवा, त्या संध्याकाळी चालायला जातात तेव्हा वीस मिनिटं. पण पोरीच्या समोर पिपाणी हा शब्द पुन्हा नको. हे तू त्यांना सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे, त्याची आई आहे.

१०० मिनिटांचा कागद. मला हे कागद फारसे पटत नाहीत, मूल घड्याळाकडे बघत बसतं. पण शाळेचा नियम आहे तर पाच दिवस वीस-वीस मिनिटं धर आणि त्या वीस मिनिटांत काय करायचं ते बदल. आत्ता ती काय करत असेल सांगू का, गाणं पहिल्यापासून वाजवायचं, चौथ्या मापाला, म्हणजे कागदावरच्या उभ्या रेघांमधल्या चौथ्या घराला, अडखळायचं, परत पहिल्यापासून, परत तिथेच अडखळायचं, असं वीस वेळा. म्हणजे अडखळण्याचीच प्रॅक्टिस पक्की होते. त्याऐवजी पाच मिनिटं लांब सूर तानपुऱ्यावर, मग फक्त अडणारी दोन मापं, आधी न फुंकता, नुसती बोटं चालवत तोंडाने स्वरांची नावं म्हणत, मग टाळीवर, मग अगदी सावकाश ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ला लावून, तीनदा बरोबर आलं की पुढे. शेवटी पाच मिनिटं तिला हवं ते, आरती वाजवू दे, वाढदिवसाचं गाणं वाजवू दे. तू शेजारच्या खोलीत बस, दारात उभी राहू नकोस. आणि चिरकल्यावर आतून "काय झालं" असं ओरडू नकोस, तिला कळलेलं असतं काय झालं ते.

चेअर टेस्टचं रडणं मला सगळ्यात जास्त लागलं. गळकं वाद्य, ऑगस्टची रीड आणि समोर सगळा वर्ग ऐकतोय, त्यात शेवटची आली तर यात तिचं काय चुकलं? हे तिला याच शब्दांत सांग. सांग की बाळा आम्ही तुला नीट वाद्य घेऊन दिलं नव्हतं, चूक आमची. आईबापाने असं म्हटलेलं मुलं आयुष्यभर लक्षात ठेवतात. आणि पुढच्या वर्षी क्लॅरिनेटचे पहिले, दुसरे, तिसरे असे भाग होतात तेव्हा तिसरं मिळालं तरी हरकत नाही, खालचे स्वर कुणी धरलेच नाहीत तर वरची चाल पोकळ वाजते. तुमच्या डॅलसकडे ढोल-ताशाचं पथक बघितलंच असशील. चाळीस ढोल एका ठोक्यावर पडतात तेव्हा मागच्या ओळीतला तो मुलगा तुला वेगळा ऐकू येतो का? नाही, पण तो अर्धा क्षण आधी पडला तर लगेच ऐकू येतो. शेजाऱ्याचं ऐकत ऐकत आपलं वाजवायचं, स्वतःला पुढे न काढता. आपल्या मुलांना आपण गाणं, पेटी, तबला, भरतनाट्यम सगळं लावतो, पण तिथे प्रत्येक मूल एकटं शिकतं आणि एकटं परीक्षेला बसतं. चाळीस-पन्नास जणांत मिसळून एक आवाज काढायचा हे त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नाही गं.

नवऱ्याला माझ्याकडून सांग, कोडिंग शिकायला काहीच हरकत नाही, उन्हाळ्यात शिकू दे, पुढच्या वर्षी शिकू दे, ते कधीही सुरू करता येतं. बँडचं तसं नाही. टेक्सासमध्ये बँडची सुरुवात सहावीत होते, क्लॅरिनेटवाल्यांचा वेगळा तास, ट्रम्पेटवाल्यांचा वेगळा तास, अगदी वाद्य हातात कसं धरायचं इथपासून, आणि ही सुरुवात एकदाच होते. सातवीत मध्येच शिरायचं तर सगळे पुढे गेलेले असतात. दुसरं म्हणजे मिडल स्कूलमध्ये एक तरी कलेचा विषय तिला घ्यावाच लागणार आहे, टेक्सासचा नियम आहे, आणि बँडचा कोर्स वर्षभराचा असतो, जानेवारीत सोडायचं म्हटलं तर काउन्सेलर आणि सर दोघांशी बोलावं लागेल. अभ्यास बुडेल ही भीती असेल तर १९८४ पासून टेक्सासमध्ये नापास झालात तर स्पर्धेत भाग नाही असा कायदाच आहे, त्यामुळे बँडवाले सर मुलांच्या मार्कांवर आईबापांइतकंच लक्ष ठेवून असतात. सातवी-आठवीत ही मुलं वसंतात यूआयएलच्या, म्हणजे टेक्सासच्या शाळांच्या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या, स्पर्धेला जातात तेव्हा बसवलेले तुकडे वाजवून झाले की त्यांना दुसऱ्या खोलीत नेतात, कधीही न बघितलेले कागद समोर ठेवतात, सर काही मिनिटं समजावतात आणि मग सगळ्यांनी मिळून ते वाजवून दाखवायचं. न थांबता. इंजिनियर आहे ना नवरा? त्याला एकदा हे बघू दे, उपयोग काय हा प्रश्न तो स्वतःच मागे घेईल.

आणि "हे आपलं नाही" असं त्याच्या मनात असेल तर तेही खरं नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन वाचायला आणि वाद्यं वाजवायला शिकवत, त्यातलीच माणसं पुढे मुंबईला येऊन फिल्मच्या ऑर्केस्ट्रात बसली, कागद वाचून वाजवणारी. आपल्या वडिलांच्या पिढीने रेडिओवर जी गाणी ऐकली त्यातली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनं वाजवणाऱ्यांत कितीतरी गोव्याचे होते. आपल्या लग्नातल्या बँडमध्ये बऱ्याचदा क्लॅरिनेट असतं, वरातीत चालही तेच धरतं. आणि तिकडे तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी याच क्लॅरिनेटवर कर्नाटक संगीत वाजवलं, तिला एकदा ऐकव, माझ्या वर्गातली मुलं ऐकताना तोंड उघडं ठेवून बसतात की याच काळ्या नळीतून असा आवाज येतो.

खासगी शिकवणी लगेच नको. आधी सरांना एक साधा मेल कर, दोन-तीन ओळींचा, की मुलगी निराश झालीये, वाद्य बदलतोय, तिला शाळेच्या आधी किंवा नंतर दहा मिनिटं बघाल का. बहुतेक शाळांत असे ट्युटोरियलचे वेळ असतात आणि ते फुकट असतात, पण आपल्याकडची मुलं जात नाहीत, त्यांना वाटतं ही शिक्षा आहे. तिथे दोन-तीनदा जाऊन आल्यावरही गाडी अडली तर शिकवणी बघ, तुमच्या भागात बऱ्याच शाळांत आमच्यासारखे शिक्षक बँडच्या तासालाच येऊन अर्धा तास एकेकाला शिकवतात, वेगळं कुठे न्यायला लागत नाही.

आता तुझा प्रश्न, सोडू देऊ का. जानेवारीत नाही. तिच्याशी असं ठरव की मे महिन्यापर्यंत, नव्या वाद्यावर, आणि मेमध्ये तिने सोडते म्हटलं तर तू आणि बाबा एक शब्द बोलणार नाही. आणि ते खरंच पाळायचं. तिला नीट वाद्यावर वर्षभर वाजवूनही नको असेल तर नकोच, त्यात काही वाईट नाही, कॉलेजच्या अर्जात दिसेल म्हणून मुलांना बँडमध्ये बांधून ठेवणारे आईबाप मी बघितलेत, ती मुलं वाद्याकडे बघतही नाहीत नंतर. पुढे हायस्कूलमध्ये मार्चिंग बँड असतो, जुलैअखेर-ऑगस्टच्या उन्हात मैदानावर उभं राहायचं, शाळेबाहेर आठवड्याला आठ तासांपर्यंत सराव, ते स्वतःच्या मनाने आलेल्यालाच झेपतं. पण ऑक्टोबरमध्ये गळक्या वाद्यावर रडून घेतलेला निर्णय तिचा निर्णय नाही.

एक आधीच सांगून ठेवते म्हणजे तेव्हा घाबरायला नको. सुट्टीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, आता छान वाजतंय असं वाटायला लागेल आणि पुन्हा अचानक चीं चीं सुरू होईल. त्याला ब्रेक ओलांडणं म्हणतात. बासरीवर जोरात फुंकलं की तीच बोटं ठेवून वरचा सा येतो, फ्लूट-सॅक्सोफोनचंही तसंच. क्लॅरिनेटचं नाही. त्याच्या मागची चावी अंगठ्याने दाबली की खालचा सा वरच्या सप्तकातला पंचम होतो, म्हणजे वरच्या भागात बोटं तीच पण स्वरांची नावं सगळी वेगळी, दुसरं वाद्य शिकल्यासारखं. आणि मधला पूल ओलांडताना, जिथे जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात तिथून पुढच्या स्वराला एकदम जवळजवळ सगळी बोटं बरोबर पडायला लागतात. प्रत्येक क्लॅरिनेटवाला तिथे चिरकतो, मी ३८ व्या वर्षी पूर्ण दोन महिने चिरकत होते आणि माझी मुलगी शेजारच्या खोलीतून सांगायची आई उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेव. तीच युक्ती तुझ्या मुलीलाही सांग, पुलाच्या अलीकडच्या त्या उघड्या भोकांच्या स्वरांना, ज्यांना घशाचे स्वर म्हणतात, उजवा हात आधीच झाकून ठेवायचा, मग ओलांडताना कमी बोटं हलवावी लागतात.

तोपर्यंत डिसेंबरचा कॉन्सर्ट येईल. सहावीतली मुलं बहुतेक एकदोन ओळींची सोपी गाणी वाजवतात, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. लवकर जा, आत शिरलात की स्टेजकडे तोंड करून डाव्या बाजूला पुढच्या ओळींत जागा धर, क्लॅरिनेटवाले बहुतेक बँडमध्ये त्याच बाजूला बसतात, आजींना तिची बोटं दिसतील. आणि नव्या रीडचा डबा तुझ्या पर्समध्ये असू दे, ऐनवेळी कुणाची ना कुणाची रीड फुटतेच, तिची नाही फुटली तर शेजारच्या मुलीला देता येईल.